रोमन सुखात्मिकांतली अदब

इसवी सनापूर्वी तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकांत प्लॉटस आणि त्याच्यामागून टेरेन्स यांनी ग्रीक नाटकांच्या आधारे लिहिलेल्या सुखात्मिका हे प्राचीन रोमन बोलण्याचालण्याच्या रीती जाणून घेण्याचे एक मोठे साधन आहे. तत्कालीन लॅटिनमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा आदराचा भेद नव्हता, त्यामुळे गुलाम धन्याशी आणि मुलगा बापाशी एकाच सर्वनामाने बोले, आणि मान राखण्याचा सारा भार आर्जवाच्या शब्दांवर, शपथांवर आणि प्रसंगाच्या भानावर पडे. त्यातही ‘सिस्’ हा शब्द मासलेवाईक आहे. मुळात ‘तुझी इच्छा असेल तर’ एवढा त्याचा अर्थ, पण प्लॉटसच्या नाटकांत तो गुलामांना दिलेल्या हुकमांना जोडून येतो आणि आर्जवापेक्षा दटावणीच अधिक करतो.

शपथांची वाटणी फार काटेकोर होती. ‘हेर्क्ले’ ही हर्क्युलिसची शपथ पुरुषांची, ‘एकास्तोर’ ही कॅस्टरची बायकांची, तर पोलक्सची ‘एदेपोल’ दोघांनाही चाले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस याने हा भेद नोंदवताना हर्क्युलिसच्या यज्ञापासून स्त्रिया दूर राहत, हे त्याचे एक कारण सांगितले आहे.

प्रसंगाचे भान सुटले की काय होते, हे प्लॉटसच्या ‘अँफिट्रुओ’त दिसते. युद्धावरून परतलेला अँफिट्रुओ पत्नी अल्क्मेनाला रीतसर, काहीशा भारदस्त शब्दांत अभिवादन करतो. परंतु त्याचेच रूप घेतलेला ज्युपिटर तिच्यासोबत रात्र घालवून नुकताच निघून गेलेला असल्यामुळे, आत्ताच भेटलेला नवरा फार दिवसांनी भेटल्यासारखा बोलून आपली थट्टा करतो आहे, असे तिला वाटते आणि ती ‘एकास्तोर’ म्हणत त्याला जाब विचारते. अभिवादनात शब्दाची चूक नाही, चुकली आहे ती वेळ, आणि तेवढ्याने सौजन्याचा अपमान होतो. नाटककाराची ही जाण आजच्या भाषाभ्यासकालाही हेवा वाटावा अशी आहे.

मात्र या पुराव्याला एक मर्यादा आहे. ही नाटके पुरुषांनी लिहिली आणि त्यांतील स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत, त्यामुळे रोमन स्त्रिया घरात कशा बोलत यापेक्षा, रंगमंचावरची स्त्री कशी बोलली म्हणजे प्रेक्षकांना पटे, हेच त्यांतून अधिक खात्रीने कळते.