लांब केस, घोडेस्वारीचं हेल्मेट आणि प्रयोगशाळेतलं टकलं डोकं

संशोधनाचा प्रश्न सापडतो तरी कुठे, असं पीएचडीच्या तयारीला लागलेले बरेच जण विचारतात. आज त्यासाठी एक घरगुती वाटणारा प्रश्न घेऊ. कमरेपर्यंत केस असलेल्या मुलीने घोड्यावर बसताना ते हेल्मेटखाली नीट कसे बसवायचे? आधी याचं सरळ उत्तर देते, मग त्यातून संशोधन कसं निघतं ते बघू.

हेल्मेट काम कसं करतं?

बाहेर कडक कवच आणि आत थर्माकोलच्या जातीचा फोम. डोकं आपटलं की हा फोम चेपला जातो आणि डोक्याला थांबायला थोडं जास्त अंतर मिळतं. गणित सोपं आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा, की सरासरी मंदन किती ‘जी’ ते मिळतं (एक जी म्हणजे गुरुत्वत्वरणाइतकं). १.८ मीटरवरून पडलेलं डोकं ५ मिलिमीटरमध्ये थांबलं तर ३६० जी. तेच २ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर ९० जी. हे सरासरी आकडे झाले, प्रत्यक्षातलं कमाल मूल्य याहून जास्त असतं. अमेरिकेतल्या एएसटीएम एफ ११६३ या घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या मानकात आतल्या कृत्रिम डोक्याचं कमाल मंदन ३०० जीच्या वर जाऊन चालत नाही.

पण हे सगळं केव्हा? आपटण्याच्या क्षणी हेल्मेट डोक्यावर जागच्या जागी असेल तेव्हा. केसांचा प्रश्न इथे येतो.

मग केस कसे बांधायचे?

डोक्याच्या वरच्या भागात अंबाडा किंवा उंच पोनीटेल असेल तर हेल्मेट त्या गाठीवर टेकतं, पुढे किंवा मागे कलतं. मग काही जणी एक माप मोठं हेल्मेट घेतात. ज्या दिवशी गाठ सैल होते, त्या दिवशी तेच हेल्मेट डोक्यावर डुगडुगतं. म्हणून:

१. गुंता पूर्ण काढा. केस मागे चापून विंचरा आणि मानेशी, हेल्मेटच्या मागच्या कडेच्या खाली, रबराने बांधा.

२. तिथून साधी तीन पेडांची वेणी घाला. तिचा मानेवरच चपटा अंबाडा करा आणि त्यावर केसांच्या रंगाची जाळी चढवा. पिना फक्त या अंबाड्यात, म्हणजे हेल्मेटच्या बाहेर. हेल्मेटच्या आत पिन किंवा क्लिप नको. आपटताना सगळा जोर तेवढ्याशा जागेवर येतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शाळेतलंच सूत्र.

३. अमेरिकेतल्या ‘हंटर’ स्पर्धांत दुसरी पद्धत दिसते. केस कानांवरून मागे नेतात, जाळीत घेतात आणि शेपटा वर वळवून हेल्मेटच्या आत सपाट पसरतात. असं करायचं असेल तर हेल्मेट विकत घेतानाच केस तसे बांधून माप घ्या, आणि पुढेही प्रत्येक वेळी तसेच बांधा.

४. शेवटी तपासणी. कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं हवी. हनुवटीचा पट्टा न लावता हेल्मेट हाताने हलवा. कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर बसणी चुकली.

‘नीट’ म्हणजे नेमकं काय?

आता संशोधनाकडे वळू. ‘नीट’ या एका शब्दात दोन गोष्टी लपल्या आहेत, नीटनेटकं दिसणं आणि सुरक्षित बसणं. या दोन्ही नेहमी बरोबर चालत नाहीत. ड्रेसाज या प्रकारात वरच्या पातळीवर रेशमी टॉप हॅट आणि मानेवर जाळीतला अंबाडा हा रुबाब कित्येक वर्षं टिकला. दिसायला अगदी नेटका, पण पडल्यावर संरक्षण शून्य. मार्च २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिकपटू कर्टनी किंग-डाय हेल्मेटशिवाय सराव करताना घोडा पडून जबर जखमी झाली, कोमात गेली. त्यानंतर हेल्मेटसाठी मोहीम उभी राहिली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शार्लट दुजार्दँने हेल्मेट घालून ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं. १ जानेवारी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफईआयने, आपल्या स्पर्धांत संरक्षक हेल्मेट सक्तीचं केलं. अंबाडा मात्र तसाच राहिला.

तेव्हा पहिला धडा: प्रश्नातला प्रत्येक ढोबळ शब्द मोजता येईल अशा गोष्टींत फोडा.

चाचणीतून काय गळलं?

दुसरा धडा याहून महत्त्वाचा. मानकांच्या चाचण्यांत वापरतात ते डोकं टकलं असतं. त्यात कारण आहे. दोन प्रयोगशाळांत तोच निकाल यायला हवा, आणि केस म्हटलं की लांबी, जाडी, तेल, घाम सगळंच बदलतं. म्हणून केस वगळले. निर्णय योग्यच. पण वापरणारीच्या डोक्यावर तर केस आहेत!

घोड्यावरून माणूस बहुधा तिरपा पडतो, त्यामुळे डोक्याला गिरकीही बसते. हेल्मेट डोक्यावरून थोडं घसरलं तर ती गिरकी कमी पोचते. म्हणजे केसांच्या निसरडेपणाचा कदाचित फायदाच. पण तोच निसरडेपणा आपटण्याआधीच हेल्मेट जागेवरून हलवू शकतो. एकाच कारणाचे दोन उलटे परिणाम दिसले की समजा, इथे अभ्यासाला जागा आहे.

छोटा अभ्यास कसा आखाल?

बदलायची गोष्ट: केसांची मांडणी. मोकळे, मानेवर अंबाडा, आत सपाट पसरलेले, वर अंबाडा.

मोजायची गोष्ट: ताणकाट्याने कडेला ठरावीक हलकी ओढ दिल्यावर कड किती मिलिमीटर सरकली.

स्थिर ठेवायचं: हेल्मेट, पट्ट्याची घट्टी, केस धुतलेले की तेल लावलेले.

प्रत्येक मुलीवर चारही मांडण्या करून बघा, म्हणजे डोक्याच्या आकाराचा फरक आड येणार नाही. क्रम मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा. आतलं अस्तर हळूहळू दबतं, आणि क्रम सगळ्यांना सारखाच ठेवला तर दबलेल्या अस्तराचा दोष शेवटच्या मांडणीच्या माथी येईल. नेटकेपणा मोजायचा तर फोटो काढा आणि तिघांकडून वेगवेगळे गुण घ्या. तिघांचं जमत नसेल तर तुमची व्याख्याच कच्ची आहे. माणसांवरचा प्रयोग आहे, त्यामुळे संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. आणि आपटण्याची चाचणी कृत्रिम डोक्यावरच, माणसावर कधीच नाही.

आता तुमच्या विषयातला एक प्रमाणित प्रयोग उघडा. त्यात काय स्थिर ठेवलंय आणि काय वगळलंय याची यादी करा. वगळलेल्यांपैकी जी गोष्ट प्रत्यक्ष वापरात रोज हजर असते तिच्यावर खूण करा, आणि तुमच्या मार्गदर्शकांशी पहिली चर्चा त्याच खुणेवर करा.