उपचार संपल्यानंतरचे दान

एखाद्या भगिनीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे कमी पडत आहेत असे कळले, की सोलापूरच्या बाजारपेठेत चार पेढ्यांवर शब्द टाकला जातो आणि रक्कम उभी राहते. दानाची ही परंपरा समाजाला भूषणावह आहे. मात्र स्तनाच्या कर्करोगात काळजीचा मोठा भाग शस्त्रक्रियेनंतरच सुरू होतो. रुग्ण घरी परतली की देणगीदाराच्या वहीत ते खाते बंद होते. त्या कुटुंबाच्या वहीत मात्र ते पुढे अनेक वर्षे चालू राहते.

भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. निदान लवकर झाले तर बहुसंख्य स्त्रिया पुढे दीर्घ आयुष्य जगतात. परंतु त्यांतील अनेकींना पाच ते दहा वर्षे रोज गोळी घ्यावी लागते. पहिली काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते. काखेतील गाठी काढल्या असल्यास हाताला सूज येण्याची शक्यता असते व त्यासाठी व्यायाम आणि दाब देणारी बाही लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन यांचा खर्च भागू शकतो. विडी वळणाऱ्या स्त्रीची बुडालेली मजुरी, सोबत गेलेल्या मुलाचा खाडा आणि प्रवासाचा खर्च त्या कुटुंबालाच सोसावा लागतो.

या क्षेत्रातील सेवेचा मोठा वारसा सोलापूर जिल्ह्यातच आहे. अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे १९८१ मध्ये कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ बार्शी येथे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये याच बार्शीत सुरू झाली. कार्यकर्ते गावोगावी जाऊन रुग्णांची नोंद घेत आणि त्याचबरोबर लक्षणांची माहितीही देत. परिणामी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. घरापर्यंत जाऊन दिलेली माहिती हीदेखील मोठी मदत असते, हे बार्शीने दाखवून दिले.

पुढील उपचारांसाठी अनेक कुटुंबे सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. तेथे सेवाभावी संस्थांची एक साखळीच उभी आहे. १९६८ पासून कार्यरत असलेली नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना निवारा देतात. हरखचंद सावला या जैन गृहस्थांनी रुग्ण व नातेवाइकांना मोफत भोजन देण्यास प्रारंभ केला. त्यांच्या ‘जीवन ज्योत’ संस्थेने घरोघरी शिल्लक राहिलेली औषधे जमवून गरजूंना देणारी औषधपेढीही चालवली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्ही केअर’ संस्थेत स्वतः या आजारातून बरे झालेले स्वयंसेवक नव्या रुग्णांशी बोलतात. ज्या स्त्रीने तो मार्ग ओलांडला आहे, तिच्या धीराच्या शब्दांना वेगळे वजन असते.

काही सवलती केवळ माहितीअभावी वाया जातात. उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णास रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका व्यक्तीस ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी विहित नमुन्यातील रुग्णालयाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. असा अर्ज भरून देणे, योजनेची कागदपत्रे लावून देणे, हे काम व्यापारी घरांतील हिशोबी तरुण सहज करू शकतात.

मदतीचे आणखी एक रूप सुती धाग्याचे आहे. ज्यांचे स्तन काढावे लागले, अशा स्त्रियांना वापरता येतील असे हलके, विणलेले कृत्रिम स्तन मोफत देण्याची चळवळ २०११ मध्ये अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी सुरू केली. मुंबईची ‘साईशा इंडिया फाउंडेशन’ हे कार्य भारतात करते. क्रोशाची सुई आणि मऊ सूत एवढेच साहित्य त्यासाठी लागते. सूत आणि कापड यांवर वाढलेल्या सोलापूर नगरीत, विणकामात निपुण असलेल्या महिला मंडळांना हे कार्य परके वाटू नये.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र पैशाचा नाही. मुलीचे लग्न जमणार नाही, या धास्तीने अनेक घरांत आईचा आजार लपवला जातो. गाठ लक्षात येऊनही महिने निघून जातात. उपचारानंतरही ती स्त्री समारंभांत मागे मागे राहते. वस्तुतः हा आजार संसर्गजन्य नाही. केवळ ५ ते १० टक्के रुग्णांमध्येच त्याचे कारण आनुवंशिक असते. आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली. त्यांपैकी पहिल्या दोन दानांत समाज कधी मागे राहिलेला नाही. भीती दूर करणारे चौथे दान येथे अधिक निकडीचे आहे, आणि ते देण्यासाठी श्रीमंती लागत नाही. आजाराची मोकळेपणाने चर्चा करणे, आजारातून उठलेल्या स्त्रीला हळदीकुंकवाला पहिल्याइतक्याच आपुलकीने बोलावणे आणि सोयरिकीच्या वेळी या कारणाने नकार न देणे, एवढे प्रत्येक घराला शक्य आहे.

समाजातील विश्वस्त संस्थांनी आपल्या वैद्यकीय मदतीतील ठराविक हिस्सा उपचारानंतरच्या पाच वर्षांसाठी राखून ठेवल्यास गोळ्या, तपासणीचा प्रवास आणि हाताची बाही यांची सोय होईल. ही रक्कम शस्त्रक्रियेच्या मानाने लहान असते. तिच्या अभावी एखादीची गोळी मध्येच बंद पडली, तर आधी केलेले मोठे दानही व्यर्थ जाण्याचा धोका असतो.