कंडरेच्या आवरणाची सूज

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या सचिन परिसरात दुखऱ्या हातांची माणसे वाढतात. डांग-नंदुरबारकडून आलेली कोयत्यावरची जोडपी असोत, की लूमवर तुटलेल्या धाग्यांना दिवसभर गाठी मारणारे आपले खानदेशी बांधव असोत, तक्रार एकच: "फादर, मनगटाची नस चढली." मग तेल गरम होते, कोणी जाणता हात चोळतो आणि दुखणे वाढते.

ही नस नव्हे. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोरीला कंडरा म्हणतात. सायकलच्या ब्रेकची तार नळीतून सरकते, तशी ती मनगटात व बोटांत एका आवरणातून सरकते. आतला बुळबुळीत द्रव वंगणाचे काम करतो. तीच हालचाल हजारदा झाली की आवरण सुजते, पुढे जाड होते आणि कंडरा अडकू लागते. अंगठ्याच्या मुळाशी होणारे असे दुखणे स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हें यांनी १८९५ साली वर्णिले. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीकडे हळूच झुकवा; अंगठ्याच्या बाजूस मनगटात कळ उठली तर बहुधा तेच. तान्ह्या बाळाला सारखे उचलणाऱ्या आयांनाही ते होते.

औषधांत पहिले औषध विश्रांती. टनावर मजुरी घेणाऱ्याला हे सांगताना मला संकोच वाटतो. तरी कोयत्याला धार ठेवावी, मुठीला कापड गुंडाळावे, म्हणजे जोर कमी लागतो. काही आठवडे अंगठ्यासकट मनगटाला पट्टीचा आधार द्यावा. न उतरल्यास डॉक्टर आवरणात इंजेक्शन देतात, क्वचित छोटी शस्त्रक्रिया करतात. लूमवाल्यांनी ई.एस.आय. कार्ड असल्यास आजारपणाची रजा मागावी. तो हक्क आहे. मनगटावर हळूहळू वाढणारी, फारशी न दुखणारी सूज मात्र क्षयाचीही असू शकते, ती दाखवावीच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. उसाच्या पात्याने चिरले, काटा रुतला, आणि एकदोन दिवसांत बोट सगळीकडून सारखे फुगले. ते किंचित वाकलेलेच राहते, तळहाताच्या बाजूने लांबीभर दाबले तर दुखते, दुसऱ्याने सरळ केले तर माणूस ओरडतो. या चार खुणा म्हणजे आवरणात पू. तो पू कंडरेचा रक्तपुरवठा तोडतो. अंगठा व करंगळीची आवरणे पुष्कळांत मनगटापर्यंत पोचतात, म्हणून तो वर चढतो. बोट कायमचे ताठ होते, कधी कापावेही लागते. मधुमेह्याला धोका अधिक. येथे चोळणे, शेकणे, डागणे काही नको. अंगठी काढा, हात उंच धरा आणि त्याच दिवशी सुरतेच्या नवीन सिव्हिल हॉस्पिटलात जा. धनुर्वाताची सुई घेतली होती का, तेही तेथे सांगा.

मुकादम सकाळपर्यंत थांब म्हणाला तर थांबू नये. रात्र असली तरी माझे दार वाजवा, गाडीचे पाहू.