न्यायालयीन मुदती व तारीखवही

वकिलाच्या कार्यालयात प्रत्येक प्रकरणाच्या सुनावणीच्या तारखा व कायद्याने ठरविलेल्या मुदती यांची जी नोंद आणि देखरेख ठेवली जाते, तिला तारीखवही असे म्हणता येईल. व्यवहारात ‘डायरी’ हाच शब्द रूढ आहे. हे काम वरवर कारकुनी दिसत असले, तरी पक्षकाराचा हक्क टिकतो की बुडतो हे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

तारीखवहीत दोन भिन्न जातींच्या तारखा येतात. पहिली न्यायालयाने नेमलेली. ती न्यायाधीशांसमोर सांगितली जाते, रोजनाम्यात लिहिली जाते व त्या दिवशीच्या बोर्डावर लागते. ती चुकल्यास दावा गैरहजेरीत निकाली निघतो किंवा एकतर्फी चालतो. तथापि गैरहजेरीत काढून टाकलेला दावा पुन्हा फाइलवर घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करता येतो. दुसरी जात कायद्याने घातलेल्या मुदतीची. ती कोणी पुकारत नाही व कोणत्याही बोर्डावर लागत नाही. कागद हाती आल्या दिवशी कार्यालयाने स्वतः मोजून ती लिहावयाची असते. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ३ प्रमाणे मुदतबाह्य दावा प्रतिपक्षाने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाने फेटाळला पाहिजे. विलंब माफ करण्याचा कलम ५ मधील अधिकार अपिले व अर्ज यांपुरताच आहे. मूळ दाव्यास तो लागू नाही. पैशाच्या दाव्यात अशा वेळी चमत्कारिक स्थिती उद्भवते : येणे नष्ट होत नाही, पण ते वसूल करण्याचा न्यायालयीन मार्ग बंद होतो.

या दोन्ही तारखांचा ताण औद्योगिक पट्ट्यात विशेष जाणवतो. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व पुढे ही वस्ती चाकणपर्यंत पसरली. मोठ्या वाहन कारखान्यांभोवती सुटे भाग करणारे असंख्य लहान कारखानदार आहेत. थकलेली बिले, न वटलेले धनादेश, कामावरून कमी केलेले कामगार व संपादित जमिनींचा मोबदला हे तेथील वादांचे नेहमीचे विषय. पिंपरीतील वकिलाला पिंपरीचे न्यायालय, चाकणच्या कामांसाठी राजगुरुनगर येथील खेडचे न्यायालय, वडगाव मावळ, पुण्यातील शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय, पुण्याचीच कामगार व औद्योगिक न्यायालये आणि उच्च न्यायालयासाठी मुंबई एवढा परिसर सांभाळावा लागतो. कोल्हापूर येथे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या खंडपीठाच्या क्षेत्रात पुणे जिल्हा येत नाही. एकाच दिवशी राजगुरुनगरला साक्षीदाराची उलटतपासणी व शिवाजीनगरला युक्तिवाद असा प्रसंग येतो, तेव्हा कोणत्या ठिकाणी मुदतीचा अर्ज द्यावयाचा हे आदल्या दिवशी ठरले असले पाहिजे.

मुदतीची गणना किती नाजूक असते, याचे बोलके उदाहरण न वटलेल्या धनादेशाचे आहे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमानुसार येथे एकामागून एक चार मुदती येतात. धनादेश त्याच्या वैधतेच्या काळात, म्हणजे १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांत, बँकेत गेला पाहिजे; तो परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत मागणीची नोटीस दिली पाहिजे; नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवस देणेकऱ्याला मिळतात; ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. ‘साकेत इंडिया’ प्रकरणात हे पंधरा दिवस १४ ऑक्टोबर १९९५ रोजी संपले आणि फिर्याद १५ नोव्हेंबरला दाखल झाली. वादकारण ज्या दिवशी उद्भवले तो १५ ऑक्टोबरचा दिवस वगळावयाचा असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ती फिर्याद मुदतीत ठरविली. एका दिवसाच्या मोजणीसाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. घाईही येथे उपयोगाची नाही. पंधरा दिवस पुरे होण्यापूर्वीची फिर्याद ही कायद्याच्या दृष्टीने फिर्यादच नव्हे, असा निर्णय योगेंद्र प्रताप सिंग प्रकरणात २०१४ मध्ये झाला. फिर्यादीस झालेला विलंब पुरेशा कारणासाठी माफ करण्याची सोय २००२ च्या दुरुस्तीने झाली, परंतु नोटिशीच्या तीस दिवसांना तशी सवलत नाही. म्हणून अनुभवी वकील बँकेच्या परतीच्या मेमोवर तो केव्हा मिळाला हे त्याच क्षणी लिहून ठेवतात.

महिना आणि दिवस यांत गल्लत करणे ही आणखी एक नेहमीची चूक. लवादाचा निवाडा रद्द करून घेण्याच्या अर्जास तीन महिने आहेत, नव्वद दिवस नव्हेत. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स प्रकरणात स्पष्ट केला. त्यानंतर पुरेशा कारणासाठी तीस दिवस अधिक मिळू शकतात, पुढे मात्र एकही नाही. न्यायालय बंद असताना मुदत संपल्यास ते उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो, हा मुदत अधिनियमाच्या कलम ४ चा सर्वपरिचित दिलासा आहे. पण तो मूळ तीन महिन्यांपुरता असून वाढीव तीस दिवसांना लागत नाही, असे २०१२ मध्ये ठरले. उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुटीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दस्तऐवजावर शके किंवा तिथी लिहिली असली, तरी अधिनियमाच्या कलम २४ नुसार गणना ग्रेगोरियन कालगणनेनेच होते.

मोजणीपेक्षाही अवघड असतो तो तिचा प्रारंभबिंदू. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय एकीकडे व कारखाना चाकणला, अशी स्थिती सर्रास आढळते. पाकीट रखवालदार घेतो, आवक नोंदवहीत शिक्का पडतो आणि कागद वकिलाकडे दहा दिवसांनी पोचतो. ‘टेक्को त्रिची’ प्रकरणात (२००५) रेल्वेसारख्या मोठ्या संस्थेत आवक कारकुनाने निवाडा स्वीकारणे पुरेसे नाही, तो प्रकरणाची माहिती असलेल्या अधिकाऱ्याच्या हाती पडला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. हा निर्णय लवादाच्या निवाड्याबाबत आहे. समन्स आणि नोटिशींना त्याचा आधार घेणे धोक्याचे ठरते. व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावी लागते व १२० दिवस उलटल्यावर ती देण्याचा हक्कच जातो. २०१८ मध्ये अशा दाव्यांची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाख रुपयांवर आली, त्यामुळे लहान कारखानदारही या कडक नियमाच्या कक्षेत आले.

पुरवठादाराचे येणे बहुधा दुसऱ्याच कारणाने मुदतबाह्य होते. पुढची ऑर्डर हातची जाईल या भीतीने तो मागील बिलाचा तगादा लावत नाही. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, तथापि दाव्याची तीन वर्षे चालूच राहतात. ती उधारीची बोली नसल्यास माल दिल्यापासून व असल्यास उधारीची मुदत संपल्यापासून मोजतात. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून येणे मान्य केले, तर कलम १८ प्रमाणे ती नव्याने सुरू होते. दर मार्चअखेरीस शिल्लक मान्य असल्याचे पत्र घेण्याची प्रथा याचसाठी आहे. तातडीचा दिलासा मागावयाचा नसेल, तर व्यापारी दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे (पाटील ऑटोमेशन प्रकरण, २०२२). तिच्यात गेलेला काळ वगळला जातो.

कामगाराच्या बाबतीत कायदाच बदलत आला आहे. बडतर्फीविरुद्ध थेट न्यायालयाकडे जाण्यास २०१० च्या दुरुस्तीने तीन वर्षांची मर्यादा घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन वर्षे आहे. १९७२ च्या नवनगर प्राधिकरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली वाढीव मोबदल्याच्या अर्जास निवाड्याच्या वेळी हजर असल्यास सहाच आठवडे मिळत. २०१३ च्या कायद्याने विलंबाच्या सबळ कारणासाठी आणखी एका वर्षाची सोय केली.

चांगल्या कार्यालयात मुदत दोघेजण स्वतंत्रपणे मोजतात आणि अखेरच्या दिवसाबरोबर आधीच्या दोन-तीन सूचक तारखाही लिहितात. अपिलात हुकूमनाम्याच्या नकलेस लागलेला काळ वगळला जात असल्याने नकलेचा अर्ज केल्याचा व नक्कल तयार झाल्याचा दिवस नोंदणे आवश्यक असते. करोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ गणनेतून वगळला, तेव्हा वकिलांना जुन्या डायऱ्या काढून शेकडो मुदती नव्याने मोजाव्या लागल्या.

ई-न्यायालय योजनेमुळे प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो व पुढील तारीख भ्रमणध्वनीवर कळते. सुनावणीच्या तारखा चुकण्याचे प्रमाण त्यामुळे कमी व्हावे. दावा दाखल करण्याची मुदत मात्र या यंत्रणेत दिसत नाही; कारण क्रमांक पडतो तो दाखल झालेल्या प्रकरणाला.