हवा खाणारी, हवेला चकवणारी चिमुकली गाडी

पाण्याची एक लिटरची बाटली समोर ठेवा. आता सांगा, जिच्या इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांत मिळून जेमतेम एवढंच पाणी मावेल, ती मोटारगाडी किती जोरात पळेल? ताशी शंभर किलोमीटर? दीडशे? १९३९ साली अशी एक इंग्लिश गाडी ताशी ३२७ किलोमीटर वेगाने पळाली! तिचं नाव एमजी ईएक्स १३५.

चिमुकल्या गाड्यांची ही चुरस त्याआधीच रंगली होती. पाऊण लिटरच्या इंजिनावर ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर, कोण गाठणार? १९३१ च्या सुरुवातीला इंग्लिश चालक माल्कम कॅम्पबेल ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी घेऊन अमेरिकेतल्या डेटोनाच्या किनाऱ्यावर गेले, पण गाडी ताशी ९४ मैलांवर अडली. इकडे जॉर्ज आयस्टन एमजी कंपनीची आपली गाडी घेऊन फ्रान्समधल्या माँलेरीच्या ट्रॅकवर पोचले. कडाक्याची थंडी होती. मेकॅनिकांनी तेलाचं एक जुनं पिंप कापलं, ठोकूनठाकून त्याचा पत्रा वळवला आणि रेडिएटरपुढे झाकण म्हणून बसवला. १६ फेब्रुवारीला गाडीने ताशी १०३ मैल गाठले!

ईएक्स १३५ पळाली ती याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने. आता गंमत अशी, की वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट करून भागत नाही. हवा अशी काही आडवी येते की गाडीचा आकार तोच ठेवला, तर जवळजवळ आठपट ताकद लागते. वाऱ्याविरुद्ध सायकल चालवताना हँडलवर वाकलात की पाय हलके पडतात ना? तेच हे. म्हणून ईएक्स १३५ ला दोन कामं साधायची होती : आत भरपूर हवा घ्यायची आणि बाहेरच्या हवेला चकवायचं.

आधी आतलं काम. पेट्रोल जळायला हवा लागते. साधं इंजिन श्वास घेतल्यासारखं हवा ओढून घेतं. या गाडीत मात्र सुपरचार्जर होता. इंजिनाच्याच जोरावर फिरणारा हा पंप हवा-इंधनाचं मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. जागा तेवढीच, पण माल जास्त, म्हणून दणकाही जास्त! त्यात इंजिन मिनिटाला सुमारे ७,००० फेरे घ्यायचं. दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५८ स्फोट. सिलिंडर सहा, तेव्हा सेकंदाला साडेतीनशे! १,०८७ सीसीच्या या इंजिनाने जवळपास २०० अश्वशक्ती दिली.

आता बाहेरचं काम. रीड रेल्टन या इंजिनिअरने गाडीला माशासारखं गुळगुळीत, बुटकं अंग दिलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा सहसा मधोमध असतो. इथे तो तिरका नेला, म्हणजे चालकाला त्याच्या शेजारी, अगदी खाली बसता आलं. डोकं खाली गेलं, गाडी आणखी बुटकी झाली.

चालक होते गोल्डी गार्डनर. पहिल्या महायुद्धात त्यांचा पाय जबर दुखावला होता. ३१ मे १९३९ रोजी जर्मनीत, देसाऊजवळच्या सरळसोट रस्त्यावर त्यांनी गाडी सोडली. आधी वेग पकडला आणि मग मोजलेला एक किलोमीटर ११ सेकंदांत पार!

पण मेकॅनिक एवढ्यावर थांबले नाहीत. हा विक्रम ११०० सीसीपर्यंतच्या गटातला होता. वरच्या, १५०० सीसीच्या गटातही नाव नोंदवायचं तर इंजिन ११०० पेक्षा थोडं मोठं हवं. मग त्यांनी इंजिन गाडीत तसंच ठेवून तिथल्या तिथे सिलिंडर खरवडले. किती? व्यास फक्त अर्धा मिलिमीटर वाढवला! इंजिन झालं ११०६ सीसीचं. २ जूनला गार्डनरनी या गटाचा विक्रमही मोडला, ताशी ३२८ किलोमीटरने. तीनच महिन्यांत दुसरं महायुद्ध पेटलं आणि शर्यती थांबल्या.

इंजिन लहान म्हणजे गाडी दुबळी, असं नसतं, ते यासाठी. डोकं लढवलं की एक लिटरमधूनही केवढं काही निघतं! तुमच्या घरच्या स्कूटरचं किंवा मोटारीचं माहितीपत्रक शोधा. त्यातल्या अश्वशक्तीच्या आकड्याला इंजिनाच्या लिटरमधल्या आकाराने भागा (१,००० सीसी म्हणजे १ लिटर). ईएक्स १३५ चं उत्तर १८० च्या आसपास जातं. तुमचं किती येतं, ते करून बघाच!