परीक्षकापुढील पहिलीं पांच मिनिटें

पूर्वीं घरांत परीक्षेचा हंगाम म्हटला म्हणजे मार्च-एप्रिल हे दोन महिने असत. आतां परीक्षेला ऋतु राहिला नाहीं. उच्च शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं किंवा कायमच्या वास्तव्यासाठीं इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांकडे निघालेल्या मुलामुलींना वर्षाच्या कोणत्याही महिन्यांत इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यापायीं सगळें घर जागें राहतें. या परीक्षांपैकीं आपल्याकडे विशेष परिचित अशी जी आयईएलटीएस नांवाची परीक्षा, तिच्या संभाषण-विभागाचा आरंभ हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. अवघें चार-पांच मिनिटांचें तें काम. परंतु उंबरठ्यावर ठेच लागली म्हणजे पुढची चाल बिघडते, आणि या परीक्षेंत पुष्कळांना ठेच लागते ती उंबरठ्यावरच.

प्रथम परीक्षेचें स्वरूप सांगतों. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे तिचे चार विभाग आहेत. संभाषणाचा विभाग 11 ते 14 मिनिटांचा असून त्याचे तीन भाग पाडलेले असतात. पहिल्या भागांत परीक्षक आपलें नांव सांगतो, उमेदवाराचें पूर्ण नांव विचारतो, पारपत्र पाहून ओळख पटवितो, आणि मग चार-पांच मिनिटें अगदीं साधे प्रश्न करितो. तुम्ही कोठें राहतां, काय शिकतां किंवा काय काम करतां, तुमच्या गांवांत तुम्हांला काय आवडतें, गाणें ऐकतां कां, पाऊस आवडतो कां, अशा जातीचे ते प्रश्न असतात. दुसऱ्या भागांत विषय लिहिलेलें एक पत्रक हातांत देऊन एक मिनिट विचारासाठीं देतात, व नंतर एक ते दोन मिनिटें सलग बोलावयास सांगतात. तिसऱ्या भागांत त्याच विषयाच्या अनुषंगानें अधिक खोल चर्चा होते. सर्व संभाषण ध्वनिमुद्रित केलें जातें. परीक्षक बहुधा समोर बसलेला असतो. कांहीं केंद्रांत तो पडद्यावरून भेटतो.

परकीयांच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा ही कल्पना नवी नव्हे. केंब्रिज विद्यापीठानें 1913 सालीं अशा उमेदवारांसाठीं आपली पहिली परीक्षा घेतली, तेव्हां ती सुमारें बारा तासांची होती. व्याकरण, भाषांतर, निबंध, ध्वनिशास्त्र हें सर्व असून शिवाय श्रुतलेखन, वाचन आणि संभाषणही तींत होतें. परीक्षेस बसले अवघे तिघे, आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले! आजची परीक्षा या नांवानें 1989 पासून चालू आहे, आणि संभाषणाची सध्यांची तीन भागांची रचना 2001 सालची आहे. हिच्यांत ध्वनिशास्त्राची प्रश्नपत्रिका नाहीं, भाषांतरही नाहीं. येथें पाहतात तें इतकेंच कीं, एक मनुष्य दुसऱ्याशीं नीट बोलूं शकतो कीं नाहीं. वरकरणीं हें सोपें वाटतें. आमच्या घरांतील मुलांना मात्र तेंच जड जातें. कां, तें पुढें सांगतों.

परिणाम केवढे होतात याचें एक उदाहरण देतों. आमच्या परिचयाच्या एका घरांतील मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम उत्तम रीतीनें पुरा करून इंग्लंडला जाण्याच्या तयारींत होती. तेथील परिचारिकांच्या नोंदणीसंस्थेचा नियम असा कीं, संभाषण, श्रवण व वाचन यांत प्रत्येकीं 7 आणि लेखनांत 6.5 श्रेणी मिळाली पाहिजे. मुलीला इतर तीन विभागांत पुरेशी श्रेणी मिळाली. संभाषणांत मिळाली 6.5. अर्ध्या श्रेणीसाठीं सगळें अडलें. परीक्षेचें शुल्क पंधरा हजार रुपयांहून अधिक. तें पुन्हां भरणें आलें. वडिलांनीं कर्जासाठीं केलेली धांवपळ थांबली, आणि मुलगी तर चार दिवस कोणाशीं बोलेना.

तिनें मागाहून सांगितलें तें ऐकण्यासारखें आहे. एका शिकवणीवर्गांत तिच्याकडून चाळीस प्रश्नांचीं उत्तरें पाठ करून घेतलीं होतीं. परीक्षकानें गांवाविषयीं विचारतांच तिनें तो परिच्छेद घडाघडा म्हणावयास आरंभ केला. मध्येंच त्यानें "थँक यू" म्हणून तिला थांबविलें व पुढचा प्रश्न विचारला. तो आरशांविषयीं होता! घरांत आरसे किती, आरसा विकत घेतला होता कां, असें कांहीं तरी. चाळीस उत्तरांत आरसा नव्हता. तिची जीभ टाळ्याला चिकटली, आणि दोन शब्दांपलीकडे उत्तर गेलें नाहीं.

आतां गुण कशाचे मिळतात तें पाहूं. परीक्षक चार गोष्टी पाहतो, आणि चारींचें वजन सारखें असतें. बोलण्याचा ओघ व सुसंगति ही पहिली, शब्दसंपत्ति ही दुसरी, व्याकरणाची विविधता व शुद्धता ही तिसरी, आणि उच्चारांची स्पष्टता ही चौथी. यांत उमेदवाराच्या मताला गुण नाहींत, ज्ञानाला नाहींत, श्रीमंतीला नाहींत. पाऊस आवडतो म्हटलें काय किंवा आवडत नाहीं म्हटलें काय, दोन्ही सारखेंच. परीक्षक मध्येंच थांबवितो तो रागानें नव्हे. त्याला ठरलेल्या वेळांत ठरलेले प्रश्न संपवावयाचे असतात. आणि पाठ केलेलें उत्तर ओळखण्याची त्याला तालीम दिलेली असते. उसन्या परिच्छेदावरून त्याला उमेदवाराची भाषा मोजतांच येत नाहीं. मग तो मोजणार काय?

पाठांतराची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. ज्या परंपरेनें सहस्रावधि वर्षें वेद मुखोद्गत ठेवले, तिच्यांत वाढलेल्यानें पाठांतरास नांवें ठेवणें शोभत नाहीं. परंतु त्या परंपरेनेंही पोपटपंची आणि विद्या यांतील भेद ओळखला होता. पाणिनीय शिक्षा या ग्रंथांत वाईट पाठकांची जी गणना केली आहे, तींत घाई करणारा, गाण्याच्या सुरांत म्हणणारा आणि अर्थ न जाणणारा हे तिघेही आहेत. परीक्षकापुढें तयार उत्तर म्हणणारा विद्यार्थी नेमके हेच तीन दोष करितो. शब्द पाठ करावे, क्रियापदांचीं रूपें पाठ करावीं, शब्दांच्या जोड्या पाठ कराव्या. उत्तर मात्र कदापि पाठ करूं नये.

मग उत्तर द्यावें कसें? माझ्या मतें दोन ते चार वाक्यांचें उत्तर पुरे. आधीं थेट उत्तर, मग त्याचें कारण, मग एखादें लहानसें उदाहरण. "तुमच्या गांवांत काय आवडतें?" या प्रश्नाला "नदीकांठ" एवढेंच म्हणणें म्हणजे दार लावून घेणें होय. उलट, गांवाचा इतिहास शिवकालापासून सांगूं लागणें म्हणजे पाहुण्याला दारांतच अडविणें होय. सांगलीच्या मुलीनें असें म्हणावें कीं, मला कृष्णेचा घाट आवडतो. संध्याकाळीं तेथें गार वारा असतो आणि गर्दीही कमी असते. गेल्या आठवड्यांत मी बहिणीबरोबर तेथें तासभर बसलें होतें. या तीन वाक्यांत वर्तमानकाळ आला, कारण आलें, आणि भूतकाळही सहज येऊन गेला. व्याकरणाची विविधता म्हणतात ती हीच. तिच्यासाठीं अवघड शब्दांचे अलंकार अंगावर घालण्याची गरज नाहीं.

परंतु कारण सांगणें हेंच आमच्या मुलांना जमत नाहीं, आणि त्याचें मूळ इंग्रजींत नसून आपल्या घरांत आहे, असें मला पुष्कळ वर्षांच्या अध्यापनानंतर वाटूं लागलें आहे. एकत्र कुटुंबांत वडील मंडळी बोलतात व लहानांनीं ऐकावें, हा शिष्टाचार. पाहुण्यांनीं विचारलें तर "हो", "नाहीं", "बरें चाललें आहे" एवढ्यांत उत्तर संपवावें, ही मर्यादा. तुला हें कां आवडतें, तें कां नको, असें मुलाला किती घरांत विचारतात? आणि विचारलें तर त्याचें उत्तर संपेपर्यंत किती जण थांबतात? अठरा-वीस वर्षें ज्याला कोणीं मत विचारलें नाहीं, त्याला परका मनुष्य एकाएकीं विचारतो, "तुला आरसे आवडतात कां?" तेव्हां तो गोंधळतो तो इंग्रजीमुळें नव्हे. मराठींत विचारलें असतें तरी तो असाच गोंधळला असता.

वर सांगितलेल्या घरानें हें ओळखलें. त्या मुलीच्या आजीला इंग्रजीचा गंध नाहीं. पण रोज रात्रीं जेवणें झाल्यावर ती नातीला मराठींत चार प्रश्न विचारूं लागली. आजची भाजी कशी झाली? कां बिघडली? लहानपणीं तुला कोणता खेळ आवडे? आतां कां खेळत नाहींस? नातीनें आधीं मराठींत कारणासह उत्तर द्यावयाचें व लगेच तेंच इंग्रजींत सांगावयाचें, असा नियम ठरला. मराठी उत्तर तुटक आलें कीं आजी म्हणे, "अगं, पुढें बोल कीं!" पहिले आठ दिवस नात रडकुंडीला आली; महिन्यानें ती थांबेना. दुसऱ्या खेपेस तिला संभाषणांत 7 श्रेणी मिळाली. हें केवळ आजीच्या प्रश्नांमुळें झालें असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. त्या मुलीनें कष्टही पुष्कळ केले. पण घरांतील वातावरण पालटलें, हें मीं स्वतः पाहिलें आहे.

आतां भाषेसंबंधीं कांहीं सूचना. पुष्कळ घरांतील मागील पिढ्या तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. तिचे उपकार मोठे. परंतु मनांत मराठी वाक्य जुळवून त्याचें इंग्रजी करण्याची सवय बोलतांना पायांत येते. "मी दहा वर्षें पुण्यांत राहत आहें" याचें शब्दशः रूप म्हणून आमचीं मुलें "आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स" म्हणतात. तेथें "आय हॅव्ह बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स" असें पाहिजे. "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" हेंही तसेंच. "आय हॅव्ह टू ब्रदर्स" हें शुद्ध. चुलत, मावस, आते, मामे ही आपली नात्यांची श्रीमंती इंग्रजींत नाहीं. तेथें सगळ्यांना "कझिन" हा एकच शब्द. त्याला "ब्रदर" किंवा "सिस्टर" हें शेपूट जोडूं नये. घरांत आजी-आजोबा, काका-काकू सर्व एकत्र राहतात हें मात्र अवश्य सांगावें. त्यांत बोलण्यासारखें पुष्कळ असतें.

उच्चारांत इंग्रजांची नक्कल करण्याची आवश्यकता नाहीं. मराठी वळणाचा उच्चार हा दोष नव्हे. अस्पष्ट उच्चार हा दोष आहे. पश्चिम दिशा या अर्थाचा "वेस्ट" आणि बनियन या अर्थाचा "वेस्ट" हे शब्द आपण एकाच 'व'नें लिहितों. इंग्रजींत पहिल्याला ओठांचा चंबू करावा लागतो व दुसऱ्याला वरचे दांत खालच्या ओठावर टेकावे लागतात. 'जर' मधला ज निराळा आणि 'जेवण' मधला ज निराळा, हें न शिकवितां जाणणाऱ्या मराठी कानाला हा भेद अवघड नाहीं. दुसरें असें कीं, भरभर बोलणें म्हणजे ओघ नव्हे. अडखळल्यावर तेंच वाक्य शांतपणें पुरें करणें यांत अधिक ओघ आहे.

तयारीला एक महिना धरावा. रोज दहा मिनिटें घरांतील एखाद्या वडील मनुष्यानें प्रश्न विचारावे; ते अनपेक्षित असावे: छत्री, चपला, शेजारी, घड्याळ, सुट्टीचा दिवस. उत्तर लिहून काढूं नये. तें मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आठवड्यानें ऐकावें, म्हणजे आपलीच चूक आपल्याला शिक्षकासारखी कान धरून दाखविते. प्रश्न नीट ऐकूं आला नाहीं तर "कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?" असें निःसंकोच म्हणावें. भलत्याच प्रश्नाचें उत्तर देण्यापेक्षां तें केव्हांही बरें. आपल्याजवळ बोलण्यासारखें नसेल तर तसेंही सांगावें. "आरशांचा मीं कधीं फारसा विचार केला नाहीं, पण आमच्या घरीं आजोबांच्या वेळचा एक जुना आरसा आहे" हें उत्तर उत्तमच म्हटलें पाहिजे. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीं नवा शब्द एकही शिकूं नये. पारपत्र पिशवींत ठेवून वेळेवर निजावें.

वडील मंडळींना शेवटीं एक विनंती. मूल परदेशीं जाईल, नाहीं जाईल; श्रेणी मिळेल, न मिळेल. पण या निमित्तानें आपण त्याला रोज एक प्रश्न विचारला आणि त्याचें उत्तर मध्यें न तोडतां ऐकून घेतलें, तर तें मूल काय विचार करतें हें आपल्याला प्रथमच कळेल. जें मूल उद्यां दूर जाणार, त्याचें बोलणें आजच ऐकून ठेवावें. मागाहून तें दूरध्वनीवर पुन्हां "बरें चाललें आहे" एवढेंच सांगूं लागलें, तर दोष कोणाला द्यावयाचा?