गवंड्याचा दगड आणि प्लेटोचे त्रिकोण

जर्मनीत 'गिम्नॅझियम' म्हणजे व्यायामशाळा नव्हे. शब्द मूळचा ग्रीक, कसरतीच्या जागेसाठी वापरला जाणारा; पण जर्मन भाषेत त्याचा अर्थ होतो विद्यापीठाची वाट दाखवणारी माध्यमिक शाळा. म्युनिक येथील माक्सिमिलियन गिम्नॅझियम ही अशीच एक शाळा. बव्हेरियाचा राजा दुसरा माक्सिमिलियन याच्या कारकिर्दीत, १८४९ साली ती स्थापन झाली. पुंज सिद्धांताचे जनक माक्स प्लांक १८७४ साली या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले, तर अनिश्चिततेचे तत्त्व मांडणारे वेर्नर हायझेनबर्ग १९२० साली.

गंमत अशी, की ही शाळा विज्ञानासाठी प्रसिद्ध नव्हतीच. तिथे भर होता लॅटिन आणि ग्रीक या भाषांवर. भौतिकीच्या वाट्याला थोडेच तास येत. मग ग्रीक व्याकरण घोकल्याने शास्त्रज्ञ घडतात असे म्हणायचे काय? हा निष्कर्ष घाईचा ठरेल. एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ विद्यापीठात जाण्याचा राजमार्ग याच प्रकारच्या शाळांतून जात असे, त्यामुळे विद्वानांच्या घरची मुले तिथेच येत. प्लांक यांचे वडील कायद्याचे प्राध्यापक होते. हायझेनबर्ग यांचे वडील ग्रीकचे प्राध्यापक, आणि आईचे वडील वेक्लाइन हे तर याच शाळेचे मुख्याध्यापक! शिवाय त्याच शहरातल्या, त्याच साच्याच्या लुइटपोल्ड गिम्नॅझियममधून आइन्स्टाइन १८९४ साली शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडले, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा साच्यापेक्षा माणसांकडे पाहावे. प्लांक यांना गणित शिकवायला हेर्मान म्यूलर नावाचे शिक्षक होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्यांनी एका गोष्टीतून सांगितला. एक गवंडी मोठ्या कष्टाने जड दगड घराच्या छपरावर चढवतो. त्याने केलेले कार्य वाया जात नाही. ते दगडात साठून राहते, कदाचित कित्येक वर्षे. मग एके दिवशी दगड निसटतो आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतो. आपण यात आकडे घालून पाहू. दगड १० किलोग्रॅमचा, छप्पर १५ मीटर उंच आणि गुरुत्वत्वरण १० धरले, तर साठलेली ऊर्जा १५०० ज्यूल होते. हवेचा विरोध सोडला तर जमिनीजवळ दगडाचा वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरहून अधिक भरेल. दगड छपरावर दहा मिनिटे राहिला की दहा वर्षे, याने उत्तरात फरक पडत नाही. मुलांना नेमके हेच चटकन पटत नाही, म्हणून हे उदाहरण मला सूत्रापेक्षा मोलाचे वाटते.

प्लांक काही वर्गात पहिले येणारे नव्हते. पण माणसावर अवलंबून नसलेला, सर्वत्र लागू पडणारा असा निसर्गनियम असू शकतो, हे त्यांना प्रथम या गोष्टीने जाणवले. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी म्यूलर यांचे नाव आणि तो दगड, दोन्हींची आठवण नोंदवली आहे. शाळा सोडल्यावर प्राध्यापक फोन योली यांनी त्यांना सांगितले होते, की भौतिकीत आता नवे शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही. तरीही ते भौतिकीकडेच वळले.

हायझेनबर्ग यांच्या बाबतीत मात्र ग्रीक खरोखरच कामी आले. त्यांच्या भौतिकीच्या पुस्तकात अणू एकमेकांना आकडे आणि कड्या लावून जोडल्याचे चित्र होते. ते त्यांना मुळीच पटेना. आकडा कसला बनलेला? १९१९ साली म्युनिकमधील राजकीय धामधुमीत ते विद्यार्थी-स्वयंसेवक म्हणून काम करीत होते. तेव्हा एका इमारतीच्या छपरावर बसून त्यांनी प्लेटोचा 'तिमाइऑस' मूळ ग्रीकमधून वाचला. अग्नीचे कण चतुष्फलक, पृथ्वीचे घन, आणि हे सारे आकार त्रिकोणांपासून बनलेले, असे प्लेटो सांगतो. तरुण हायझेनबर्गना ही निव्वळ कल्पनाशक्तीची भरारी वाटली. पण पदार्थाच्या तळाशी वस्तू नसून गणिती आकृती असेल, हा विचार त्यांना सोडीना. उतारवयात मूलकणांच्या सममितीविषयी बोलताना ते डेमॉक्रिटसपेक्षा प्लेटोच सत्याच्या अधिक जवळ होता असे सांगत.

ही शाळा १९१२ पासून श्वाबिंग भागातल्या इमारतीत भरते. लॅटिन आणि ग्रीक तिथे अजूनही शिकवतात.